चार माणसं, एक छोटी गाडी आणि बेळगावच्या अवतीभवतीचे मुक्काम

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या रस्त्याला लागलात की यल्लम्मा डोंगराकडे निघालेल्या गाड्या दिसतात. पूर्वी सगळ्या बैलगाड्या, आता बहुतेक ट्रॅक्टर-ट्रॉल्या. वर बांबूची कमान आणि ताडपत्री, आत गवतावर अंथरलेली घोंगडी, शिधा, जळण, पाण्याची घागर, पोरंबाळं आणि मधोमध नीट टेकून बसवलेली आजी. डोंगरावर पोचलं की गाडीच्या आडोशाला चूल मांडायची, नैवेद्य करायचा, रात्री गाडीतच पाठ टेकायची. चिंचलीच्या मायाक्काला जाणारी माणसंही अशीच जातात. गाडीत संसार भरून दोन-चार दिवस बाहेर काढणं आपल्या सीमाभागातल्या घरांना परकं नाही. नवं आहे ते एवढंच, की जत्रेचं निमित्त नसतानाही, केवळ एकमेकांसोबत राहायला म्हणून, एका छोट्या कॅम्परमधून, म्हणजे झोपायची सोय केलेल्या गाडीतून, निघायचं.

हा लेख अशा पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबासाठी आहे. आई-वडील आणि दोन मुलं, हाताशी शनिवार-रविवार, बजेट बेताचं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: पहिलं वर्षभर गाडी छोटी ठेवा आणि अंतरही छोटं ठेवा. लडाखचे आणि राजस्थानचे व्हिडिओ बघून मोठी गाडी घेऊ नका. बेळगावच्या पश्चिमेला तासाभरात सह्याद्रीचं दाट रान लागतं, पूर्वेला तासाभरात काळ्या मातीचं सपाट माळरान. नद्या, धरणं, गड, जुनी देवळं सगळं हाताच्या अंतरावर. छोटी गाडी खानापूर तालुक्यातल्या गावांच्या बोळातून निघते, देवळासमोर वळते, घरासमोर उभी राहते आणि आठवडाभर ऑफिसलाही नेता येते.

आधी आहे त्या गाडीत झोपून बघा

घरात ओम्नी, ईको किंवा मागची सीट सपाट होणारी कुठलीही गाडी असेल तर तीच तुमचा पहिला कॅम्पर. नसेल तर तयार कॅम्पर-व्हॅन दोन दिवस भाड्याने घ्या. पण एक रात्र आपल्याच अंगणात किंवा गावाकडच्या घराच्या परड्यात गाडीत झोपल्याशिवाय पैसे खर्च करू नका. त्या एका रात्रीत कळतं की धाकट्याला पाय पसरायला किती जागा लागते, रात्री लघवीला उठायचं तर कोणाच्या अंगावरून जावं लागतं, पहाटे काच किती ओली होते. पुढची सगळी खरेदी त्या रात्रीवर ठरवा.

भाड्याची गाडी घेताना एक प्रश्न इथल्या माणसाने विचारायलाच हवा: परवाना कुठल्या राज्यांचा आहे? आपण बेळगावातून सहज फिरत फिरत चंदगड तालुक्यात शिरलो की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरलो की गोवा. स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला ही अडचण नाही. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला दुसऱ्या राज्यात जायला परवाना आणि कर लागतो, आणि ते कागद गाडीत असायला हवेत. बुकिंग करण्यापूर्वीच कागदाचा फोटो मागवून घ्या.

स्वतःची गाडी तयार करणार असाल तर कायदा लक्षात ठेवा. आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेत आरटीओच्या मंजुरीशिवाय बदल करता येत नाही. सीट कापून काढणं, छत उंचावणं, पत्र्याला कायमचं कपाट वेल्ड करणं हे सगळं त्यात येतं, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी तेच आड येतं. म्हणून सुरुवात सुट्या सामानाने करा: उचलून ठेवता येणारी पलंगाची चौकट, पट्ट्याने आवळून बसवलेल्या पेट्या, आठवड्याच्या दिवशी घरात ठेवता येणारा ओटा. उद्यमबागेत आणि मच्छेत लोखंडाचं कुठलंही काम करून देणारी माणसं आहेत. माप नीट दिलंत तर चौकोनी पाइपची घडीची चौकट ते बिनचूक करून देतात. वर १२ मिमीचं प्लायवूड, त्यावर चार इंची फोम, फोमला धुता येणारी खोळ. चौकटीखालची जागा पेट्यांसाठी. पेट्या मागच्या दाराने ओढून काढता आल्या पाहिजेत, नाहीतर रात्री मीठ शोधायला सगळ्यांना उठवावं लागतं.

चौघं एका छोट्या गाडीत मावत नाहीत हे मान्य करूनच चाला. आई आणि दोन मुलं आत, वडील बाजूला तंबूत, किंवा मोठं मूल आणि वडील तंबूत. गाडीच्या मागच्या दाराला जोडून ताडपत्रीचा मांडव केला की दिवसभराची बैठक तिथेच होते, आणि गाडी केवळ झोपायला आणि पावसापासून वाचायला उरते. चालत्या गाडीत मात्र पलंगावर कोणीही नाही. प्रत्येकाला सीट, प्रत्येकाला बेल्ट. मुलं कितीही हट्ट धरोत.

वजनाचा हिशेबही आरसीवरच मिळतो: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती भरता येईल ते कळतं. माणसं त्यात आधी मोजा, मग पाणी (एक लिटर म्हणजे एक किलो), मग पलंग, मग बाकीचं. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये भरलेल्या गाडीसाठी दिलेली असते तेवढी ठेवा. चोर्ला किंवा अंबोली उतरताना भरलेली गाडी ब्रेकवर नाही, खालच्या गियरवर उतरवायची.

वीज: कागदावर मांडा, मग बॅटरी घ्या

इथे माणसं एकतर फार घाबरतात किंवा फार खर्च करतात. खरं तर गणित सोपं आहे. २० वॉटचा १२ व्होल्टचा पंखा रात्री ८ तास चालला तर १६० वॉट-तास. ५ वॉटचे दोन दिवे ५ तास लावले तर ५०. चार फोन चार्ज करायला सुमारे ६०. म्हणजे रोजचे २७० वॉट-तास. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तास देते, तिच्यात तुमचे चार दिवस आरामात निघतात. दोन रात्रींसाठी तिच्या निम्म्या आकाराचीही पुरते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. तिचं वजन ५० किलोच्या घरात जातं, अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद गाडीत, झोपलेल्या मुलांशेजारी ती नको. कुठलीही बॅटरी असो, धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे. हे काम गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फ्रिजचा विचार पहिल्या वर्षी सोडा. डिसेंबर-जानेवारीत इकडची रात्र एवढी गार असते की भाजी, ताक बाहेरच टिकतं. इतर वेळी बर्फाची पेटी पुरे.

पाणी, आणि सगळे टाळतात तो विषय

पिण्या-शिजवण्याला माणशी दिवसाला पाच लिटर धरा. चौघांना दोन दिवसांना ४० लिटर. म्हणजे २० लिटरचे दोन कॅन, तळाला तोटी असलेले. हातपाय आणि भांड्यांचं पाणी वेगळ्या, वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये. ते गावातल्या नळावर किंवा विहिरीवर, विचारून, भरून मिळतं. पिण्यासाठी खानापूरचं मातीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. खानापूरची कुंभारकाम करणारी माती उगीच नावाजलेली नाही, दुपारी दोन वाजता त्यातलं पाणी पिऊन बघा.

भांडी आधी रद्दी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात धुवायची. साबणाचं पाणी ओढ्यात किंवा नदीत नाही, काठापासून लांब मातीत.

आता संडास. बायका आणि मुली सहलीला नको म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच असतं, आणि घरातले पुरुष ते मनावर घेत नाहीत. घडीची सीट, झाकणाची बादली, तळाला लाकडाचा भुसा, प्रत्येक वापरानंतर वरून मूठभर भुसा. एवढ्याने वास येत नाही. भुसा सुतारकामाच्या वखारीत पोतंभर मिळतो. आडोशाला दोरीवर लावायचा उभा तंबू घ्या. जरा जास्त पैसे असतील तर खाली टाकी असलेला पोर्टेबल टॉयलेट घ्या, मात्र ती टाकी घरी येऊन संडासातच रिकामी करायची, रानात नाही. ही एक सोय नीट केलीत तर पुढच्या वेळी आजीसुद्धा येते.

स्वयंपाक: एक शेगडी, एक कुकर, एक तवा

पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी दोन-तीन दिवसांना पुरून उरते. सिलिंडर प्रवासात उभा, पट्ट्याने बांधलेला, नॉब बंद. शिजवायचं ते नेहमी गाडीबाहेर. पाऊस असेल तर मांडवाखाली, तीन बाजू मोकळ्या ठेवून. कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, पेटता स्टोव्ह यातलं काहीही ऊब यावी म्हणून झोपताना गाडीत घ्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्याकडे थंडीत अशा बातम्या दर वर्षी येतात. ऊब हवी तर घोंगडी आणि पायात मोजे.

खायला काय, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात केव्हापासूनच तयार आहे. कडक भाकरी आठवडाभर टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, ताकातली मिरची, भडंग. पहिल्या रात्रीला घरून धपाटे न्या, म्हणजे पोचल्या पोचल्या चूल पेटवायची घाई नाही. दुसऱ्या सकाळी उप्पीट, दुपारी कुकरात मसालेभात, रात्री पिठलं आणि वाटेतल्या बाजारात घेतलेली कोवळी भाजी. बेळगावचा कुंदा डब्यात असेल तर गोडाचा प्रश्न मिटला. शिधा मोजून, जेवणवार पिशव्यांत भरा: "शनिवार रात्र" असं वर लिहिलेली एक पिशवी काढली की तिच्यात तांदूळ, डाळ, मसाला, सगळं. अंधारात डबे उघडत बसावं लागत नाही.

मुक्काम कुठे करायचा

या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं कलम हेच. गाडी कशीही असो, जागा चुकली की रात्र गेली.

पहिली गोष्ट माती. बेळगाव जिल्ह्याला दोन तोंडं आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती आणि जांभा दगड, त्यावर पाऊस पडून गेला तरी थोड्या वेळात टायर धरतो. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाकच्या अंगाला काळी माती. कोरडी असताना ती फरशीसारखी वाटते, भेगा पडलेली. त्याच जमिनीवर अर्धा तास पाऊस झाला की चाकाला चिखलाचे गोळे चढतात आणि छोटी, पुढची चाकं ओढणारी गाडी जागची हलत नाही. म्हणून पूर्वेला शेतात न शिरता डांबरी किंवा खडीच्या रस्त्याला लागून असलेलं खळं, देवळाचं आवार, शाळेचं मैदान (परवानगीने) बघा. आभाळ भरून आलं असेल तर रात्र होण्यापूर्वीच गाडी रस्त्याच्या कडेच्या पक्क्या जागेवर आणून ठेवा. गाडीत टोचन दोर, दोन फळ्या आणि खोरं असू द्या.

दुसरी गोष्ट परवानगी. मोकळं दिसतं म्हणून कुठेही थांबायचं नाही. खानापूर तालुक्याचा मोठा भाग वनखात्याचा आहे, आणि भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे आणि राखीव रानात परवानगीशिवाय रात्र काढणं हा गुन्हा आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपू नका. वनखात्याकडे चौकशी करून, त्यांनी दिलेल्या ठिकाणीच थांबा, किंवा गावात. धरणांच्या भिंती आणि पाण्याचे काठही तसेच: राकसकोप, हिडकल, नविलुतीर्थ बघायला जा, मुक्काम जवळच्या गावात करा.

गावात थांबायची रीत सोपी आहे. उजेड असताना, म्हणजे चार-साडेचारला, पोचायचं. गाडी बाहेर ठेवून, मुलांना बरोबर घेऊन चालत आत जायचं. देवळापाशी किंवा किराणा दुकानापाशी बसलेल्या वयस्क माणसाला सांगायचं: "काका, आम्ही बेळगावची माणसं, पोरं घेऊन आलोय. एक रात्र गाडी लावायला जागा मिळेल का?" मुलं बरोबर दिसली की माणसं निर्धास्त होतात. ते बहुधा ग्रामपंचायतीच्या सदस्याला बोलावतात किंवा आपलंच खळं दाखवतात. खानापूरच्या पश्चिम भागात सगळीकडे मराठी चालते. पूर्वेला कन्नड. "अण्णा, इल्ली ओंद रात्री गाडी निल्लसबहुदा?" एवढं विचारता आलं आणि शेवटी आदराचा "री" लावला तर दार उघडतं, भलेही पुढचं बोलणं खुणांनी होवो. मुलं कन्नड शाळेत जात असतील तर त्यांनाच पुढे करा, त्यांची ऐट बघण्यासारखी असते.

जांबोटीजवळच्या एका गावात आम्ही गाडी ओढ्याच्या वाटेवर, छान हिरवळ बघून लावत होतो. एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "इथं नका लावू. रात्रीचे गवे येऊलालेत ह्या वाटेनं." मग त्यांनी काठीच्या टोकाने चिखलातले ठसे दाखवले: मधे फटलेले, तळहातापेक्षा मोठे, कडा अजून धारदार, म्हणजे त्याच पहाटेचे. थोरल्याने ठशावर हात ठेवून माप घेतलं. गाडी त्यांच्या खळ्यात, वैरणीच्या गंजीशेजारी गेली आणि रात्री त्यांच्या घरून तांदळाच्या भाकरी आल्या. जागा निवडताना गावातल्या माणसाचा शब्द नकाशापेक्षा खरा.

त्या आजोबांसारखे भेटेपर्यंत स्वतःला हे बघायला शिकवा. वाळक्या फांद्या असलेल्या किंवा फळांनी लगडलेल्या झाडाखाली गाडी नको. ओढ्याच्या पात्रात, नदीच्या वाळूत नको. वर डोंगरात पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. उसाला लागून नको: साप, रानडुक्कर आणि बिबट्या तिघांनाही ऊस आवडतो. कड्यावर किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याच्या आसपास धूर करायचा नाही, मुक्कामही नाही. गडांवर हे विशेष बघा. गाडीचं तोंड नेहमी बाहेर जायच्या दिशेला, किल्ली ठरलेल्या एकाच खुंटीला. डोकं उंच बाजूला येईल अशी गाडी लावा आणि कललेली वाटली तर चाकाखाली फळी घाला.

रात्रीचा प्रवास नको

हा नियम म्हणून पाळा. निपाणीपासून चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीपर्यंत ऊस गाळपाच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्रभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे जातात. मागचा दिवा बऱ्याचदा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. नेमके हेच आपले सहलीचे दिवस. पश्चिमेला घाटात धुकं आणि रस्त्यावर जनावरं. संध्याकाळी साडेपाचनंतर गाडी उभी, मग चहा.

रात्री खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. आत झोपलेल्यांच्या श्वासाने पहाटेपर्यंत काचा, पत्रा आणि अंथरूण ओलं होतं. मच्छरदाणीची जाळी खिडकीच्या मापाने शिवून कडेला लोहचुंबकाच्या पट्ट्या लावल्या की पत्र्याला चिकटून बसते, शिंप्याचं तासाभराचं काम. बूट आत किंवा उलटे टांगून ठेवा आणि सकाळी झटकून घाला. बाहेर पडताना टॉर्च हातात, नजर जमिनीवर: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही या भागात आहेत. दंश झालाच तर बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही, तो अवयव हलू न देता थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात. १०८ ला फोन लावायचा आणि जवळची गाडी आधी मिळाली तर तीच घ्यायची. खानापूर आणि बेळगाव यांच्यात आपण कुठे आहोत हे नेहमी डोक्यात ठेवा, आणि फोनला रेंज नसलेल्या जागी पहिल्या वर्षी मुक्कामच करू नका.

जानेवारी ते मेमध्ये रानातून फिरून आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, पोटरीला गोचीड आहे का बघा. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पालापाचोळ्यावर लोळायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबून वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं.

पहिल्या वर्षाचे मुक्काम, माझ्या क्रमाने

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. पावसाळ्यात पश्चिमेला छोट्या गाडीतून मुलांना घेऊन मुक्काम नको, दिवसाची फेरी करून परत या.

पहिला मुक्काम येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याकडे, ओळखीच्या कोणाच्या शेतात. शहर दिसतं, काही विसरलं तर अर्ध्या तासात घरी जाता येतं. दुसरा कित्तूरला: महामार्गाने धारवाडच्या दिशेला सुमारे ५० किमी, रस्ता सरळ, १८२४ मध्ये राणी चेन्नम्माने इंग्रजांना जिथे हरवलं तो किल्ला आणि शेजारचं संग्रहालय. २३ ऑक्टोबरच्या उत्सवात गर्दी असते, मुक्कामासाठी ते दिवस टाळा. तिसरा हलशी-नंदगड: हलशीला कदंबांची देवळं, त्यातलं भूवराह-नृसिंहाचं बाराव्या शतकातलं, आणि नंदगडला १८३१ मध्ये फाशी दिलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी माणसं मुलांना इथे भेटतात. गोकाकचा धबधबा बघायचा तर पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, पण उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. अंबोली नंतर कधीतरी, गाडी आणि घाट दोन्ही हाताखाली आल्यावर.

एवढं जमलं की मी प्रत्येक कुटुंबाला एक गोष्ट आग्रहाने सांगतो: एक नदी धरा आणि तिच्याबरोबर खाली चला. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, देवळाच्या आवारातल्या कुंडापाशी. पहिल्या सहलीत मुलांना तिथे ओंजळभर पाणी घेऊ द्या. पुढच्या महिन्यात हब्बनहट्टीला मारुतीच्या देवळापाशी खडकांतून वाहणारी तीच नदी बघा, मग खानापूरजवळ असोग्याला रामलिंगेश्वराच्या घाटावर. नंतर महामार्गावर एम. के. हुबळीला, जिथे पुलावरून आपण नेहमी न थांबता जातो. तिथून सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला, दोन डोंगरांच्या खिंडीत अडवलेली. पुढच्या वर्षी मुलं मोठी झाली की पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कूडलसंगमला, जिथे ती कृष्णेला मिळते. प्रत्येक मुक्कामी वहीत पाण्याचा रंग, काठची माती, शेतातलं पीक आणि लोकांची बोली लिहून ठेवायला सांगा. भातापासून ज्वारीपर्यंत, तांबड्या मातीपासून काळीपर्यंत, मराठीकडून कन्नडकडे देश कसा बदलत जातो हे शाळेत कितीही शिकवलं तरी असं कळत नाही.

मुलांना काम द्या

छोट्या गाडीचं खरं सुख इथे आहे आणि त्यासाठीच मी ती छोटी ठेवा म्हणतो. घरात चार खोल्यांत चार माणसं आपापल्या फोनमध्ये असतात. इथे पलंग उभारल्याशिवाय झोपता येत नाही, आणि तो एकट्याने उभारता येत नाही. धाकटीकडे पाण्याची तोटी आणि मडक्याचं फडकं ओलं ठेवणं. थोरल्याकडे चाकाखालच्या फळ्या आणि पाणी भरलेली पारदर्शक बाटली: ती आडवी ठेवायची आणि बुडबुडा मधे येईपर्यंत बाबांना "थोडं पुढं, थोडं पुढं" सांगायचं. आठ वर्षांचं मूल बापाला गाडी लावायला शिकवतंय आणि बाप मुकाट्याने ऐकतोय, हे घरात कधी घडतं? रात्री दिवे मालवून दहा मिनिटं बाहेर बसा, शहरात न दिसणाऱ्या चांदण्या दाखवा, पाऊस येऊन गेला असेल तर बेडकांचे आवाज मोजा. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना जुन्या यल्लम्माच्या यात्रेचं विचारा. बैल कुठे सोडायचे, वाटेत किती मुक्काम व्हायचे, पाणी कुठल्या विहिरीचं प्यायचे, सगळं निघतं.

घरी परतल्यावर, त्याच संध्याकाळी

कंटाळा आला तरी हे सोमवारवर ढकलू नका. अंथरूण आणि फोम उन्हात घाला, ऊन गेलं असेल तर गच्चीवर पसरून ठेवा. ओल राहिलेला फोम दोन दिवसांत कुबट होतो. पाण्याचे कॅन रिकामे करून, झाकण काढून, उपडे टांगा. बॅटरी चार्ज करून ठेवा, रिकामी ठेवायची नाही. सिलिंडर गाडीतून काढा. बादली, टाकी धुवून वाळवा. टायरच्या खाचेतले खडे आणि काळ्या मातीचे गोळे काढा, चाकाच्या आत अडकलेली माती गाडी धावताना थरथर आणते. जेवणवार पिशव्यांत काय उरलं आणि काय कमी पडलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, आणि मीठ, काडेपेटी, साबण, मेणबत्ती लगेच भरून पेटी पुन्हा पलंगाखाली सरकवून ठेवा.